उंबराच्या वळणावरचा हॉर्न

उंबराच्या वळणावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. करंजवाडीहून डोंगरातल्या ठाकरवाडीला चढणारा रस्ता तिथं डावीकडं असा मुरडतो, की स्टेअरिंग पुरतं फिरवल्याशिवाय गाडी पुढं जातच नाही. एरवी तिथं एखादी म्हैस नाहीतर दोन वानरं दिसायची. आता झेंडूच्या माळा होत्या, उदबत्त्यांचा धूर होता, फुटाणे विकणारा होता, आणि मोबाईल डोक्यावर धरून उभी असलेली पोरं होती. धरणाकाठी तंबूत राहायला आलेले शहरी पाहुणेसुद्धा सकाळचा चहा टाकून वर आले होते. मेलेल्या माणसाचा आवाज फुकट ऐकायला मिळतोय म्हटल्यावर कोण मागं राहतं?

"आली! आली!"

खालून जुनी फोर-व्हील जीप घरघरत वर आली. स्टेअरिंगवर सविता. मागच्या बाकावर एकटी गंगी, ठाकरवाडीची, मांडीवर तांदळाचं बोचकं घेऊन. बाकीच्या गिऱ्हाइकांनी या जीपमध्ये बसायचं सोडलं होतं.

सवितानं दात आवळून स्टेअरिंग डावीकडं ओढलं आणि हॉर्न वाजला. लांबलचक, रडल्यासारखा. जीप उघडी होती, सगळ्यांना दिसत होतं: तिचे दोन्ही हात स्टेअरिंगच्या कडेला, मधल्या बटणाला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. वळण सरलं, चाकं सरळ झाली, तसा हॉर्न थांबला.

"परदीऽऽप! माज्या लेकरा!" त्याच्या चुलतीनं, चंपानं, हंबरडा फोडला. लोकांनी हात जोडले, कुणी गुलाल उधळला. गंगीनं तोंडावरचा गुलाल पदरानं पुसला आणि ओरडली, "आवो, तांदळात पडला ना! भुताला भात लाल चालतो, माज्या पोरांना न्हाई चालत!"

उंबराखालच्या दगडावर शालूबाई बसल्या होत्या. प्रदीप त्यांचा लेक. याच वळणावर पावसाळ्यात त्याची मोटारसायकल घसरली आणि तो खालच्या ओढ्यात गेला. शालूबाई आयुष्यात कुणापुढं रडल्या नव्हत्या. नवरा गेला तेव्हासुद्धा आलेल्या माणसांना चहा कमी पडला म्हणून त्या स्वयंपाकघरात कडाडल्या होत्या. पण हा हॉर्न वाजला, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि त्या ते पुसायच्यासुद्धा नाहीत. रोज सकाळी त्या इथं येऊन बसायच्या. लेक हाक मारतो म्हटल्यावर आई घरी कशी बसणार?

आता ही हाक सवितावर कशी उलटली, ते ऐका.

जीप प्रदीपची. तिच्यावर तो ठाकरवाडीची माणसं बाजाराला आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना डोंगरात फिरवायचा. त्यानंच बायकोला जीप शिकवली, लायसन काढून दिलं. तो गेल्यावर सविता स्टेअरिंगवर बसली. गावाला ते मानवलं नाही. विधवेनं घरात बसून रडावं, नाहीतर दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं, याला कुणाची हरकत नव्हती. ती चार चाकांवर उंच बसून गावातून जायला लागली, तेव्हा मात्र सगळ्यांना प्रदीपची आठवण दाटून यायला लागली.

त्यात खंडेनवमी झाली. विळे-कोयत्यांबरोबर जीपचीही पूजा झाली. पूजेला भस्मनाथ महाराज आले होते. हे महाराज आधी लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानाबाहेर उभं राहून गिऱ्हाइकं हाकारायचे. "या ताई, या दादा, चव घेऊन बघा, नाही आवडली तर नका घेऊ!" पुढं त्यांना साक्षात्कार झाला. दाढी वाढली, कपडे बदलले, हाकारणं तेच राहिलं. "या माई, या बाबा, प्रचीती घेऊन बघा!" त्यांनी जीपला बंध दिला: काळी बाहुली, बिब्बा आणि घोड्याची नाल, सगळं लोखंडी तारेत ओवलेलं. चंपाचा लेक पप्पू, म्हणजे प्रदीपचा चुलतभाऊ, महाराजांचा उजवा हात. त्यानं तो बंध बंपरच्या मागं हात घालून बांधला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉर्न वाजू लागला.

महाराजांनी वळणावर डोळे मिटून कान लावला. "बोल बाळा, बोल! काय म्हणतोस? हां... हां... अच्छा!" मग डोळे उघडून शालूबाईंना म्हणाले, "माई, तुझा लेक नाराज आहे. माझ्या गादीवर बाईमाणूस बसलंय म्हणतो. तो वाट अडवतोय. जीप नाथांच्या मठाला अर्पण कर, सुनेला माहेरी वराळ्याला धाड, तो शांत होईल. प्रचीती पाहिजे? घेऊन बघा! पप्पू, तू चालव."

पप्पूनं चालवली. वळणावर हॉर्न हूं की चूं नाही. परत सविता बसली, वाजला. परत पप्पू, गप्प. आणखी काय पुरावा पाहिजे? येत्या रविवारी देवळापुढं जीप मठाला द्यायची ठरली. मठाच्या वतीनं ती चालवणार कोण? पप्पू. ते मात्र कुणी मोठ्यानं बोललं नाही.

शालूबाई सुनेला म्हणाल्या, "माजा जीव तुटतोय. पण त्यो माजा लेक हाय."

सविता म्हणाली, "आत्या, माजा पण नवरा व्हता. त्यानंच मला शिकवलं. त्यो असं कसं म्हणंल?"

 शालूबाई चिडून म्हणाल्या, "मेल्यावर मानूस बदलतं." आणि आत गेल्या.

गुरुवारी सारिका आली. शालूबाईंची थोरली लेक, आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवायची. तिनं दारातच चपला काढल्या-न-काढल्या आणि आईशी भांडायला सुरुवात केली.

"आई, तू त्या चिक्कीवाल्याचं ऐकून सविताला घराबाहेर काढणार?"

"महाराज म्हन. आन् तू बारा बुकं शिकलीस म्हनून माज्या लेकाला खोटं पाडू नगं."

"प्रदीपला कोण खोटं पाडतंय? मी हॉर्नबद्दल विचारतेय. सविता, डोंगर चढताना वाजतो. उतरताना वाजतो का गं?"

"न्हाई. उतरताना एकदाबी न्हाई."

"मी इचारलंय त्ये," शालूबाई मध्येच म्हणाल्या. "महाराज म्हनले, जाताना त्यो अडवतो आन् येताना घरी येऊ देतो."

"चढताना ते वळण डावं आहे आई. उतरताना तेच वळण उजवं. तुझ्या प्रदीपच्या आत्म्याला डावं-उजवं कळतं, असं म्हण."

 प्रदीपला डावं-उजवं कळत नव्हतं. पार लग्नाला येईपर्यंत वहाणा उलट्या घालून जायचा. नवरदेव म्हणून घोड्यावर बसला तेव्हा मोजडी शालूबाईंनीच काढून पुन्हा नीट घातली होती. ते आठवून त्यांना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला.

"उद्या बघ काय बघायचं त्ये," त्या म्हणाल्या. "पन माज्यासमोर. माज्या पाठीमागं त्या गाडीला कुनी हात लावायचा न्हाई."

शुक्रवारी सकाळी अंगणात जीप उभी केली. सारिकानं पुढचा आस जॅकवर उचलला, म्हणजे चाकं अधांतरी राहिली आणि स्टेअरिंग हलकं झालं. शालूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसल्या. नजर तांदळावर नव्हती.

"सविता, फिरव. पुरतं उजवीकडं."

गप्प.

"आता पुरतं डावीकडं."

हॉर्न केकाटला. अंगणात, कोंबड्यांच्या मधोमध. शालूबाईंनी मान वर केली. वळण तिकडं दीड कोसावर, आणि प्रदीप इथं अंगणात? तोही जीप जॅकवर असताना?

"बटण बिघडलं असंल," सविता म्हणाली.

"असेल. पण अंदाजानं पार्ट बदलणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिलेत. आपण एकेक सोडवत जाऊ. ज्या जागी आवाज थांबेल, त्या जागी खोट." सारिकानं हॉर्नच्या बटणाची वायर सुटी केली. पुन्हा डावीकडं फिरवलं. हॉर्न वाजलाच. "बघ, बटण निर्दोष. आई, या जुन्या गाडीत हॉर्नला बॅटरीचा करंट कायम पोचलेला असतो. बटण फक्त त्याची दुसरी वायर गाडीच्या लोखंडाला टेकवतं, आणि वाजतो. म्हणजे बटण न दाबता वाजला, तर ती वायर दुसरीकडं कुठंतरी लोखंडाला टेकतेय."

"कुटं?"

"तेच शोधायचंय."

सारिका पोत्यावर पाठ टेकून जीपखाली सरकली. बराच वेळ नुसती "फिरव", "थांब", "आणखी थोडं" एवढंच ऐकू येत होतं.  मग म्हणाली, "आई, वाकता येईल का तुला?"

शालूबाईंना कुणी वाकता येईल का विचारलेलं आवडायचं नाही. त्या सूप ठेवून सरळ जमिनीवर आडव्या झाल्या आणि जीपखाली डोकं घातलं. सारिकानं मोबाईलचा उजेड पाडला. बंपरच्या मागं बंध लोंबत होता. पप्पूनं तो बांधला होता कशाला? तर हाताला लागला त्या वायरींच्या जुडग्याला. घोड्याच्या नालेच्या वजनानं जुडगा आपल्या पकडीतून निसटून खाली आला होता. आणि स्टेअरिंग डावीकडं पुरतं फिरवलं, की त्याच्या खालचा लोखंडी दांडा पुढं येऊन त्यातल्या एका वायरला घासायचा. घासून घासून वायरचं कातडं सोललं होतं. आत तांबं चकाकत होतं. सवितानं पुन्हा फिरवलं. दांडा आला, तांब्याला टेकला, बारीक ठिणगी उडाली आणि डोक्यावर हॉर्न ओरडला.

शालूबाईंनी ते तीनदा करून बघायला लावलं. नंतर म्हणाल्या, "बास."

त्या बाहेर आल्या. लुगड्याला माती लागली होती ती झटकली नाही. सारिकाला वाटलं, आई आता बोलेल, भांडेल. त्या तांदळाचं सूप उचलून उगाच इकडून तिकडं पाखडत राहिल्या. लेक पावसाळ्यात एकदा गेला होता. आज तो दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी रडायला माणसंसुद्धा येणार नव्हती.

"टेप गुंडाळते आणि वायर वर बांधते," सारिका हळूच म्हणाली. "पाच मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नगंस."

"आई?"

"तू आज बांधशील. हॉर्न थांबंल. आन् रविवारी त्यो दाढीवाला म्हनंल, बघा, नुसता संकल्प सोडला आन् आत्मा शांत झाला! गाव त्येचंच ऐकंल. गावाला काय, तुज्या टेपची पूजा करता येत न्हाई." त्या सुनेकडं वळल्या. "आन् पप्पू चालवताना का वाजत न्हाई, त्ये सांग मला. त्येला बी त्योच दांडा, त्येला बी तीच वायर."

 हे सविता आणि सारिका, दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"स्टेअरिंग तर पुरतं फिरवावंच लागतं तिथं," सविता म्हणाली.

सारिका म्हणाली, "मग हॉर्नचा करंटच बंद करत असेल. फ्यूज काढला, की संपलं. काचेचा एवढासा असतो. डॅशबोर्डखाली हात घालून बसल्या जागी काढता येतो, उतरताना परत बसवता येतो."

"म्हंजी त्या वक्ताला बटन दाबलं तरी वाजनार न्हाई?"

"नाही वाजणार."

शालूबाईंनी मान हलवली. 

शनिवारी त्या नेहमीसारख्या वळणावर जाऊन बसल्या. निघताना सारिकानं विचारलं होतं, "आता कशाला जातेस?"  सविताची जीप आली, मुरडली, हॉर्न वाजला. लोकांनी हात जोडले. शालूबाईंनी डोळे मिटून प्रदीपचा आवाज शोधला. नव्हता. नुसता हॉर्न होता, थोडा बसलेला, पाणी शिरलेला. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि माळांच्या गर्दीतून वाट काढत घरी आल्या.

रविवारी देवळापुढं मांडव पडला होता. महाराजांनी आधी पप्पूला घेऊन जीप वळणावर नेऊन आणली. मागं मोटारसायकलींची रांग. हॉर्न वाजला नाही. परत आल्यावर महाराज बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"देखा? शांत! एकदम शांत! अहो, शास्त्रज्ञ हात टेकतात तिथं नाथ हात ठेवतात! माई, ये. लेकाच्या नावानं पाणी सोड."

शालूबाई तांब्या घेऊन पुढं आल्या.  चंपा पदर तोंडाला लावून तयार होती.

"पप्पू," शालूबाई म्हणाल्या, "पानी सोडायच्या आधी येकदा हॉर्न वाजव रं."

"आँ?"

"हॉर्न. तुज्या हातानं. बटन दाब. देवाच्या दारात गाडी दिऊन ऱ्हायलो, येकदा वाजवून दी."

पप्पूनं महाराजांकडं बघितलं. महाराज म्हणाले, "माई, आत्मा निजला आहे. त्याला उठवू नये."

"आत्मा निजला आसंल म्हाराज, बटन बी निजलं का? रस्त्यानं गुरं आडवी आली तर ह्यो काय तोंडानं ओरडनार हाय?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. पप्पूनं बटणावर अंगठा दाबला. काही नाही. जोरात दाबला. काही नाही.

"सारिका, बघ गं."

सारिकानं डॅशबोर्डखाली हात घातला. "फ्यूजची जागा रिकामी आहे."

"पप्पू, खिसं उलटं कर," शालूबाई म्हणाल्या. "तू करतोस का मी करू? ल्हानपनी तुजं नाक पुसलंय मी, खिशात हात घालायला मला लाज वाटत न्हाई."

पप्पूनं तंबाखूची पुडी काढली, किल्ल्या काढल्या, आणि शेवटी नखाएवढी काचेची नळी त्याच्या तळव्यावर पडली. सारिकानं ती उचलून जागेवर बसवली.

"आता चालव. हितंच, देवळाला गोल. स्टेअरिंग पुरतं डावीकडं."

पप्पू हलेना. सविता पुढं झाली, तसा तो मुकाट उतरला. ती बसली आणि तिनं जीप मांडवापुढच्या मैदानात डावीकडं गोल फिरवायला घेतली. हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, लोक कानांवर हात घेऊन मागं सरले. मग तिनं उजवीकडं गोल घेतला. गप्प. परत डावीकडं. बोंबाबोंब.

"झाला का दर्शनाचा कार्यक्रम?" शालूबाई ओरडल्या. "वळनावर तीन मैल चालत जात व्हता! हितं देवळाच्या सावलीत बसून ऐका!"

सारिकानं जाणत्या चारसहा माणसांना बोलावून बंपरमागं वाकायला लावलं. एकेकजण वाकला, बंध बघितला, सोललेली वायर बघितली, दांडा बघितला, आणि उठताना दुसऱ्याच्या नजरेला नजर न देता बाजूला झाला. महाराज म्हणाले, "आम्ही तुमची परीक्षा घेत होतो." ते घाईत आपल्या गाडीकडं निघाले. आणि ऐका, गावातल्या दोघांनी पुढं होऊन त्यांच्या गाडीचं दार उघडलं. एकानं पायाला हातही लावला. सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा. सारिकाचा डोळ्यांवर विश्वास बसेना. शालूबाईंना नवल वाटलं नाही. त्या या गावात जन्म काढून बसल्या होत्या.

चंपा तेवढी जवळ आली. तिचं रडणं खोटं नव्हतं, पप्पूचं काय असेल ते असो. "शालू, मग आपला परदीप कुटं हाय गं?"

"गेला."

"आसं नगं म्हनू."

"मग कसं म्हनू? घसरला, पडला, मेला. हॉर्नमधी न्हाई, वळनावर न्हाई. मला काय वाटलं नसंल त्यो आसावा म्हनून? म्या सोता त्या दगडावर बसून त्येचा आवाज ऐकलाय. वायरचा आवाज, आन् म्या त्येला 'आलास का रं' म्हनून इचारत व्हते."  आता त्या चंपाशी बोलत नव्हत्या, मांडवातल्या सगळ्यांशी बोलत होत्या. "ऐका रं. दुख झालं तर रडा, छाती बडवून रडा, कोन न्हाई म्हनत न्हाई. पन आपल्या दुखापायी दुसऱ्याच्या घासावर पाय दिऊ नगा. ह्या पोरीची भाकर ह्या स्टेअरिंगवर हाय, आन् म्या ती काढून द्यायला निघाले व्हते. कशापायी? येक वायर सोलली म्हनून! कायबी नवल दिसलं तर हात जोडायच्या आधी खाली वाकून बघा. का वाजतं, कवा वाजतं, कवा न्हाई, आन् गप बसल्यानं कुनाचं फावतं, येवढं इचारा. इचारायला शाळा लागत न्हाई. मला कुटं शाळा हाय?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी सविताची माफी मागितली नाही. माणसं मांडवाच्या कडेकडेनं पांगली. जेवणाच्या पंगतीला मात्र बरीच थांबली, कारण लापशी शिजलेली होती.

सारिकानं पक्कड घेऊन बंध तोडला, सोललेल्या जागी टेप गुंडाळली आणि वायर वर पकडीत बसवून बांधली. सवितानं बटण दाबून बघितलं. वाजला. सोडलं. थांबला.

गंगी तेलाचा डबा घेऊन येऊन मागं बसली. सवितानं जीप चालू केली आणि सासूकडं बघितलं.

"आत्या, वर जाऊन येते. बसता का फुडं?"

शालूबाईंनी पदर कमरेला खोचला, दांडीला धरून वर चढल्या आणि सुनेशेजारी बसल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "आन् त्या वळनावर हळू घे. माजा लेक तितं खरंच मेलाय."